करड्याचे घर : अडचणीतली मालमत्ता आणि तिची पाहणी

१/
डिसेंबर १८७४. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील करडे या गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध न्यायालयाचा हुकूमनामा मिळवला. प्रकरण अवघ्या १५० रुपयांचे होते. देशमुखांचे घर सावकाराच्या हाती गेले आणि त्याने ते पाडायला घेतले. कायद्याच्या दृष्टीने त्याचा कागद निर्दोष होता. तरीही दख्खनच्या दंग्यांची हकिकत सांगताना इतिहासकार या घरापासूनच सुरुवात करतात. (धागा)

२/
१८७५ चे दंगे शेतकरी विरुद्ध सावकार असा संघर्ष म्हणून शिकवले जातात आणि ते योग्यच आहे. या घटनांकडे पाहण्याची आणखी एक बाजू मात्र आहे. अडचणीत सापडलेल्या माणसाची मालमत्ता विकत घेताना काय तपासायचे? कोणी तपासायचे? आणि जे तपासले गेले नाही, त्याचे नुकसान कोणी सोसायचे? आज बँकेच्या लिलावात सदनिका घेणाऱ्या तरुण जोडप्यापुढेही नेमके हेच तीन प्रश्न असतात. दख्खनने त्यांची वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

३/
आधी थोडा भूगोल. शिरूर घोड नदीच्या काठी वसले आहे. नदी ओलांडली की अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा लागतो. पुणे–नगर रस्त्याने थोडे पुढे गेले की पारनेर तालुका. राळेगणसिद्धी याच तालुक्यात आहे. दंग्यांची झळ पारनेरलाही लागली. एक गोंधळ मात्र टाळावा. दंगा जिथे प्रथम पेटला ते सुपे पुणे जिल्ह्यातले, आजच्या बारामती तालुक्यातले. पारनेर तालुक्यातले, नगर रस्त्यावरचे सुपा हे वेगळे गाव आहे.

४/
मालमत्तेची पाहणी म्हणजे प्रत्यक्षात तीन पाहण्या असतात. पहिली कागदाची : विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे का, त्यावर कोणाचा बोजा आहे का. दुसरी ताब्याची : आत आज कोण राहते, शेत कोण कसते आणि शेजारीपाजारी कोणाला मालक मानतात. तिसरी वास्तूची : भिंत, तुळई, छप्पर, विहीर. सुखवस्तू विक्रेत्याकडून घेताना या तिन्ही बहुधा एकमेकींशी जुळतात. विक्रेता अडचणीत असला की त्या एकमेकींपासून फारकत घेऊ लागतात. हप्ते थकवणारा माणूस छपराची डागडुजीही थकवतो, आणि एका सावकाराला गहाण दिलेले घर कधीकधी दुसऱ्यालाही दाखवलेले असते.

५/
ही चिंता फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वास्तुविक्रयाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात खरेदीचा पहिला मान भाऊबंदांना, मग शेजाऱ्यांना, मग धनकोंना दिलेला आहे. घर विकायचे तर ते घरासमोर, शेजारच्या चाळीस कुळांच्या समक्ष जाहीर करावे. शेताच्या सीमा स्पष्ट सांगाव्यात. किंमत तीनदा पुकारावी. कोणी हरकत घेतली नाही तरच विक्री करावी. या विधीत पाहणी आणि जाहिरात एकत्रच उरकते. ज्याला घराचे दोष ठाऊक असण्याची सर्वाधिक शक्यता, तो शेजारी तिथे मुद्दाम उभा केलेला आहे.

६/
मराठेशाहीतील दख्खनमध्ये हीच भूमिका गावाने पार पाडली. गावाचे दोन भाग मानले जात : शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. ‘समस्त पांढरी’ हा शब्द कागदपत्रांत अख्ख्या गावाच्या वतीने साक्ष देणाऱ्या समूहासाठी येतो. मिरास किंवा वतन यांच्या व्यवहाराचा वाद गोतसभेपुढे आला की पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार हजर असत आणि निर्णयाचा महजर होई. त्यावर पाटलाची नांगराची, शेट्याची तराजूची अशी निशाणी उमटे. चतुःसीमा सांगणारे लोक हे त्या सीमांवर रोज वावरणारेच असत.

७/
अडचणीतल्या मालमत्तेसाठी त्या काळात एक नेमका शब्द होता : ‘गतकूळ’. दुष्काळ, साथ किंवा लढाई यांमुळे ज्या मिरासदाराचे कूळ नाहीसे झाले किंवा परागंदा झाले, त्याची जमीन गतकुळी होई. अशी जमीन गाव नव्या माणसाला मिरासपत्र करून देऊ शके. डॉ. थॉमस कोट्स याने १८१९ मध्ये पुण्याजवळील लोणी गावाचा जो वृत्तांत लिहिला, त्यात शेते मूळ कुळांच्या ‘थळां’त विभागलेली दिसतात. कूळ गेले तरी थळाचे नाव टिके. म्हणून नव्या खरेदीदारालाही ही जमीन मुळात कोणाची हे कळत असे.

८/
त्या काळच्या विक्रीपत्रांत दोन गोष्टी वारंवार आढळतात. एक, विकण्याचे कारण : दुष्काळ, कर्ज, सरकारी बाकी. विक्रेत्याची अडचण लपवली जात नसे, ती कागदात उघडपणे नोंदवली जाई. दुसरी, हमी : पुढे कोणी भाऊबंद किंवा वारस वाद घालू लागला तर तो विक्रेत्याने निवारावा. म्हणजे हक्कातील दोषाची जबाबदारी विकणाऱ्याच्या माथी होती, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारे साक्षीदार त्याच गावात नांदत होते.

९/
घराच्या मोजमापाची भाषाही लक्षात घेण्याजोगी आहे. दख्खनचे घर ‘खणां’त मोजले जाई, दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. भिंती दगडमातीच्या, वर लाकडी तुळया, त्यांवर मातीचे धाबे. माती गावातलीच, दगड शिवारातला. पैसे टाकून आणावे लागे ते लाकूड. त्यामुळे पडझडीला आलेल्या घराची बाजारातली किंमत बरीचशी त्याच्या खांब-तुळयांत असे. सावकाराने घर ‘पाडायला घेणे’ म्हणजे काय, हे या हिशोबावरून उमगते. राहणाऱ्याच्या दृष्टीने जे घर होते, ते घेणाऱ्याच्या दृष्टीने लाकडाचा साठा असू शके.

१०/
या ग्रामसाक्षीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. गोतसभेत कोणाचा शब्द किती वजनाचा, हे जात आणि वतन यांवरून ठरे. विधवेचा हक्क, धाकट्या पातीचा वाटा, महारवाड्यातील घराची जागा यांबाबत ‘समस्त पांढरी’ नेहमीच निःपक्षपाती असेल असे मानता येत नाही. पाटीलच खरेदीदार असला तर साक्ष कोण फिरवणार? तरीही एक गोष्ट निश्चित होती : गावाला अंधारात ठेवून गावातले घर विकत घेणे जवळजवळ अशक्य होते.

११/
कंपनी सरकारने ही साक्ष गावाकडून काढून कागदाकडे सोपवली. १८३६ पासून इंदापूरहून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची सर्व्हे पद्धत पसरत गेली. प्रत्येक शेताला क्रमांक, क्षेत्र आणि आकार मिळाला. १८६४ च्या कायद्याने स्थावराच्या दस्तांची नोंदणी सक्तीची होऊ लागली. कागदाची पाहणी पूर्वीपेक्षा सोपी झाली, हा मोठाच लाभ होता. मात्र ही मोजणी महसुलासाठी होती. तिने काळी मोजली; पांढरी, म्हणजे गावठाणातली घरे, बहुतांशी तिच्या कक्षेबाहेर राहिली. गावठाणातल्या घराचा सातबारा निघत नाही, त्याचे मूळ इथे आहे.

१२/
याच सुमारास १८५९ चा दिवाणी प्रक्रिया कायदा आला. कर्जाचा हुकूमनामा झाला की ऋणकोची मालमत्ता जप्त करून न्यायालयामार्फत लिलाव. या कायद्याच्या कलम २४९ प्रमाणे विक्रीच्या जाहीरनाम्यात एक घोषणा आवश्यक होती : ही विक्री केवळ ऋणकोच्या ‘हक्क, मालकी आणि हितसंबंधा’पुरती आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर त्याचे जेवढे असेल तेवढेच मिळेल. ते किती आहे, हे न्यायालय सांगत नाही. पिढ्यान् पिढ्या विक्रेत्याने दिलेली हमी इथे गळून पडली. प्रत्यक्ष विकणारा हात आता न्यायालयाचा होता आणि तो हात हमी देत नव्हता.

१३/
या भूमिकेमागे इंग्रजी कायद्याची जुनी परंपरा होती : खरेदीदाराने स्वतःच सावध राहावे. तिचे प्रसिद्ध उदाहरण १६०३ मधले आहे. चँडलर नावाच्या सोनाराने लोपस याला औषधी समजला जाणारा ‘बेझोअर’ खडा विकला. तो खरा निघाला नाही. न्यायालयाचे म्हणणे असे की विक्रेत्याने तो बेझोअर आहे असे नुसते म्हटले, तशी हमी दिली नाही. म्हणून तो जबाबदार नाही. पुढे १८७८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही दोराब अली खान खटल्यात स्पष्ट केले की शेरीफमार्फत होणाऱ्या सक्तीच्या विक्रीत मालकीहक्काची हमी गृहीत धरता येत नाही.

१४/
हमी नाही, तर भाव खाली येणारच. अनोळखी खरेदीदार अशा लिलावात पैसे घालायला कचरतो. कारण त्याला ना भाऊबंदकी ठाऊक, ना आधीचे गहाण. ज्याला ठाऊक असते तो एकच : ज्याच्या वहीत ते सगळे लिहिलेले आहे, तो सावकार. म्हणून अशा लिलावात हुकूमनामाधारक सावकारच बोली लावी आणि मालमत्ता मातीमोल भावात त्याच्याकडे जाई. पाहणी करू शकणारा एकच खरेदीदार उरला की स्पर्धा संपते. तिचा तोटा ऋणकोला होतो : जमीन जाते, आणि तरीही कर्ज पुरते फिटत नाही.

१५/
आता पुन्हा करडे. तीन पाहण्यांच्या कसोटीवर काळूरामचा व्यवहार तपासून पाहावा. कागद : हुकूमनामा हाती होता. वास्तू : घर पाडण्याइतपत तिचा हिशोब त्याने केलेला होता. राहिली ताब्याची पाहणी. देशमुख हे गावातले मानाचे घराणे. त्यांचे घर दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतरवले जाणे गावाला सोसेल का, हा प्रश्न त्याने विचारलेला दिसत नाही. कायद्याने तो विचारायला सांगितलेही नव्हते.

१६/
गावाने आपले उत्तर बहिष्काराने दिले. सावकाराच्या शेतात राबायचे नाही, त्याच्या दुकानात पाऊल टाकायचे नाही, बलुतेदारांनी त्याला सेवा द्यायची नाही. जी साक्ष कायद्याने अनावश्यक ठरवली होती, ती नकाराच्या रूपाने परत आली. आजूबाजूच्या गावांतही हा उपाय पोहोचला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे जमावाने सावकारांची दुकाने गाठून वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि जाळले. तेथून लोण अहमदनगर जिल्ह्यात पसरले; तीसहून अधिक गावे त्यात ओढली गेली.

१७/
जमावाने नेमके काय जाळले, हे ध्यानात घ्यावे. घरे पेटली, धान्यही लुटले गेले. पण मुख्य लक्ष्य कागद होता. ज्या कागदाच्या जोरावर गावाला न विचारता गावातले घर घेता येत होते, तोच नष्ट करण्याचा हा प्रयत्न होता. याच काळात मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यांना तीन वर्षांची मर्यादा होती. मुदत संपण्याआधी सावकार जुने मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेई. त्यामुळे हाती असलेल्या शेवटच्या कागदावरून व्यवहाराचा आरंभ कधीच दिसत नसे.

१८/
सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे आला. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा (क्रमांक १७) झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. पारनेर तालुका अर्थातच त्यात आला. कलम २२ प्रमाणे, स्पष्टपणे तारण दिलेली नसेल तर शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यासाठी जप्त करून विकता येईना. शेतकऱ्यांच्या दस्तांसाठी ग्रामनिबंधक नेमले गेले. तडजोडीसाठी पंचांची व्यवस्था झाली.

१९/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी या कायद्याचे कलम १२ जरूर वाचावे. न्यायाधीशाने समोरच्या रोख्यावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, असे ते सांगते. मूळ रक्कम किती, व्याज किती, कोणत्या टप्प्यावर काय मिळवले गेले? पुढे एका दुरुस्तीने न्यायालयाला असेही पाहता येऊ लागले की कागदावर ‘विक्री’ म्हटलेला व्यवहार प्रत्यक्षात गहाण होता का. अडचणीतल्या मालमत्तेची खरी पाहणी म्हणजे तिच्या अडचणीचा इतिहास शोधणे, हे तत्त्व इथे कायद्याच्या भाषेत आले.

२०/
यानंतर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ येतो. मुंबई इलाख्याला तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याने ओझे दोघांत वाटले. कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला साध्या काळजीने दिसू शकणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक असेल तर त्याने तो सांगितलाच पाहिजे. जो दोष साध्या काळजीने दिसला असता, त्याची जबाबदारी खरेदीदाराची. भिंतीला पडलेली उघडी भेग विक्रेत्याने दाखवण्याची गरज नाही. प्लास्टरखाली झाकलेली दाखवावी लागते.

२१/
त्याच कायद्याचे कलम ३ आणखी पुढे जाते. जी चौकशी करायला हवी होती ती खरेदीदाराने जाणूनबुजून टाळली, तर ती माहिती त्याला होतीच असे कायदा मानतो. १९२९ च्या दुरुस्तीने त्यात भर पडली : मालमत्तेचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे, त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला होती असे समजले जाईल. करड्यात जी ताब्याची पाहणी निरर्थक ठरवली गेली होती, ती अर्धशतकानंतर कायद्याने खरेदीदाराचे कर्तव्य केली. दार वाजवून ‘आत कोण राहते’ हे न विचारणे आता महागात पडू लागले.

२२/
न्यायालयीन लिलावाचे नियम १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मध्ये आले. जाहीरनाम्यात मालमत्ता, महसूल आणि बोजा शक्य तितक्या अचूकपणे सांगावा. हुकूमनामाधारकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय बोली लावू नये. ऋणकोला विकण्याजोगा हक्कच नव्हता असे निघाले तर खरेदीदार विक्री रद्द करण्याचा अर्ज करू शकतो. वकील ३० वर्षांचा शोध अहवाल काढतात, त्यामागेही इतिहास आहे : गहाण सोडवण्याची मुदत पूर्वी ६० वर्षे होती, १९६३ च्या मुदत कायद्याने ती ३० वर्षांवर आणली.

२३/
मग आधीच्या मालकाची थकबाकी कोणाची? दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात ठरवले की न्यायालयीन लिलावात, थकीत कराची माहिती नसताना मालमत्ता घेणाऱ्यावर तो बोजा लादता येत नाही. मे २०२३ मध्ये के. सी. निनन खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की नियमांत तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाची वीजबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी नाकारता येते. ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर घेणाऱ्याने स्वतः चौकशी करावी. विषय वेगळे, कायदेही वेगळे. पण सावधगिरीची अपेक्षा वाढल्याचे जाणवते.

२४/
‘जसे आहे, जेथे आहे’ हे शब्द आज सरफेसी कायदा, २००२ खालच्या बँक लिलावांच्या जवळपास प्रत्येक जाहिरातीत असतात. १८५९ च्या कलम २४९ चे ते आधुनिक भावंड म्हणता येईल. बोली मान्य झाली की २५ टक्के रक्कम लगेच, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. उरलेली साधारण १५ दिवसांत. पाहणीसाठी ठरलेला एखादाच दिवस असतो. जाहिरातीतला एक शब्द मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावा : ताबा ‘प्रत्यक्ष’ आहे की ‘प्रतीकात्मक’. प्रतीकात्मक असेल तर बँकेने दारावर नोटीस लावलेली आहे. आत अजूनही कोणीतरी राहत असू शकते.

२५/
वास्तूच्या पाहणीचा सर्वांत कठोर धडा महाराष्ट्राला ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दिला. सुमारे ८,००० माणसे गेली. जाड भिंती भक्कम वाटत होत्या. पण त्या आत-बाहेरच्या दोन थरांच्या होत्या, मधे माती, आणि दोन्ही थरांना बांधणारे लांब दगड पुरेसे नव्हते. वर मातीच्या धाब्याचे ओझे. हा दोष साध्या नजरेला दिसत नाही, जाणत्या नजरेला दिसतो. पोट सुटलेली भिंत, वाळवी लागलेली तुळई, पावसागणिक नवी माती टाकून जड झालेले धाबे ही त्याची लक्षणे. सिमेंटच्या इमारतीत त्यांची जागा गंजलेली सळई आणि सुटलेले काँक्रीट घेतात. शहरांत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचना तपासणी कायद्यात आली, ती याच जाणिवेतून.

२६/
पारनेरसारख्या अवर्षणी तालुक्यात वास्तूइतकीच पाण्याची पाहणी महत्त्वाची. विहीर दिवाळीत पाहणारा फसतो. ती वैशाखात पाहावी. १९७५ मध्ये, दंग्यांना बरोबर शंभर वर्षे झाली असताना, अण्णा हजारे सैन्यातून राळेगणसिद्धीला परतले. गावाची अवस्था ओढगस्तीची होती. यादवबाबांच्या मंदिराचे लाकूडही दारूच्या भट्ट्यांत जळाल्याचे सांगितले जाते. आधी मंदिराचा जीर्णोद्धार झाला. गळका पाझर तलाव श्रमदानातून दुरुस्त झाला. मग पाणलोटाची कामे. मोडक्या वास्तूतले काय टिकाऊ आहे आणि काय दुरुस्त होऊ शकते, हे आधी पाहायचे आणि मगच घाम व पैसा घालायचा, असा हा क्रम होता.

२७/
याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली सिंचनासाठी कूपनलिका न घेण्याचे आणि बाहेरच्यांना जमीन न विकण्याचे ठरवले. असे ठराव सातबाऱ्यावर दिसत नाहीत. गावात जाऊनच कळतात. दुसरीकडे, महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ प्रमाणे बेकायदा सावकारीतून बळकावलेली मालमत्ता जिल्हा निबंधक ऋणकोला परत करू शकतो. म्हणजे स्वस्तात मिळालेल्या जमिनीमागे सावकारी व्यवहार असेल, तर कलम १२ चा तो जुना प्रश्न आजही उठतो : याचा आरंभ कुठे आहे?

२८/
मग पाहणीवर पैसे खर्च करायचे की नाही, हे कसे ठरवावे? आधी पाहावे, हमी कोण देतो. विक्रेता स्वतः विकत असेल, कलम ५५ त्याला बांधत असेल, तर साधी काळजी आणि एक चांगला शोध अहवाल पुष्कळ काम करतो. विकणारा हात न्यायालयाचा किंवा बँकेचा असेल, तर हमी कोणीच देत नाही. तिथे वकील, अभियंता आणि शेजारी या तिघांकडेही जावे, आणि तो खर्च बोलीच्या रकमेतून आधीच वजा धरावा. पाहणीच करू देत नसतील, तर न दिसलेल्या दोषाची किंमत कापून बोली लावावी किंवा बाजूला व्हावे. शेतजमीन असेल तर आणखी एक चाळणी : १९४८ च्या कूळ कायद्याचे कलम ६३ बिगरशेतकऱ्याला ती सहसा घेऊ देत नाही.

२९/
पाहणीची ही जबाबदारी एके काळी गावाची होती. मग ती कोणाचीच नव्हती, आणि तेव्हा तोट्याचा भार ऋणकोवर पडला. १८७९ नंतर तिचा काही भाग न्यायालयाने उचलला. आज ती बहुतांशी खरेदीदाराच्या खांद्यावर आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत. विंगेटच्या सर्व्हेत राहून गेलेली पांढरी आता नकाशावर येते आहे. कागदाची पाहणी त्यामुळे सोपी होईल. दारामागे कोण राहते, त्याचे घर कसे गेले आणि ते गेल्याचे गावाला काय वाटते, हे मात्र कोणत्याही नकाशावर उमटणार नाही. त्यासाठी त्या गल्लीत पायी जावे लागते आणि चार माणसांशी बोलावे लागते.